विश्लेषण : मॉनिटरवर चित्र झकास, तरी फिल्म का बिघडते? फिल्टरची चूक पडद्यावर का दिसत नाही?

'ओपनहायमर'ला 2024 मध्ये आणि 'द ब्रुटलिस्ट'ला 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट छायांकनाचे ऑस्कर मिळाले. दोन्ही चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर नव्हे, तर फिल्मवर चित्रित झाले होते. 'सिनर्स'ही फिल्मवरच चित्रित झाला. फिल्म पुन्हा चर्चेत आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या पिढीला एक प्रश्न पडतो. फिल्मच्या सेटवरही दिग्दर्शकासमोर मॉनिटर असतो, मग लेन्सवरच्या फिल्टरची चूक तिथल्या तिथे का सापडत नाही? कारण त्या मॉनिटरवर फिल्मवरचे चित्र कधी दिसतच नाही.

मॉनिटरवर नेमके काय दिसते?

फोनच्या पडद्यावर दिसणारे चित्र ज्या सेन्सरवरून येते, त्याच सेन्सरवरून व्हिडिओ साठवला जातो. फिल्म कॅमेऱ्यात तसे होत नाही. लेन्सच्या मागे एक फिरता आरसा असतो आणि तोच शटरचे काम करतो. ही रचना 1937 मध्ये आलेल्या 'ॲरिफ्लेक्स 35' या कॅमेऱ्याने रूढ केली. सेकंदाला 24 चौकटी धरल्या, तर नेहमीच्या 180 अंशांच्या शटरमध्ये प्रत्येक चौकटीवर सेकंदाच्या 48व्या भागाइतका वेळ प्रकाश पडतो. उरलेल्या तेवढ्याच वेळात फिल्म पुढच्या चौकटीवर सरकते. त्या वेळी आरसा आडवा येतो आणि प्रकाश वर व्ह्यूफाइंडरमधल्या दुधी काचेकडे वळवतो. त्या काचेवरच्या प्रतिमेकडे एक छोटा व्हिडिओ कॅमेरा पाहत असतो. त्याला 'व्हिडिओ टॅप' म्हणतात आणि दिग्दर्शकाच्या मॉनिटरवर त्याचेच चित्र येते.

म्हणजे मॉनिटरवर दिसणारे क्षण हे फिल्मने न टिपलेले क्षण असतात! म्हणूनच जुने कॅमेरामन सांगतात, की बंदुकीचा जाळ व्ह्यूफाइंडरमध्ये लख्ख दिसला, तर तो फिल्मवर आला नसल्याची शंका घ्यावी.

हा मॉनिटर आला तोच मुळी वेगळ्या कामासाठी. अभिनेता-दिग्दर्शक जेरी लुईस यांना 'द बेलबॉय' (1960) करताना स्वतःचा अभिनय स्वतः पाहायचा होता, म्हणून त्यांनी फिल्म कॅमेऱ्याच्या जोडीला व्हिडिओ कॅमेरा ठेवला. चौकट कुठपर्यंत आहे, नट जागेवर उभा आहे का, टेक जमला का, एवढे पाहायला ही सोय उत्तम आहे. प्रकाशाचे आणि रंगाचे मोजमाप करणे हे तिचे काम कधीच नव्हते.

फिल्टर लावावा का लागतो?

डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स बटणावर बदलतो. फिल्मची संवेदनशीलता आणि रंगाचा कल मात्र कारखान्यातच ठरतो. कोडॅकच्या 'व्हिजन 3 500टी' या फिल्मच्या नावातला 'टी' म्हणजे टंगस्टन. ती 3200 केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यांसाठी बनवली आहे, दिवसाच्या उजेडात ती निळी पडते. हे टाळण्यासाठी '85' हा नारिंगी फिल्टर लावतात. तो थोडा प्रकाश खातो, त्यामुळे 500ची फिल्म 320ची समजून मोजावी लागते.

आता भर दुपारच्या उन्हाचे गणित करून पाहू. नेहमीच्या ठोकताळ्यानुसार 320च्या फिल्मला उन्हात सेकंदाचा 320वा भाग आणि एफ 16 पुरते. पण सिनेमाचा शटर 48व्या भागावर बांधलेला आहे, म्हणजे प्रकाश जवळपास साडेसहा पट जास्त येतो. त्यात पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून छायालेखकाने एफ 5.6 निवडला, तर आणखी आठ पट. एकूण प्रकाश हवा त्यापेक्षा 50 पटींहून अधिक! तो कापण्यासाठी एनडी, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारा राखाडी फिल्टर लागतो. एनडी 0.3 प्रकाश निम्म्यावर आणतो, 0.6 पावपटीवर, 0.9 आठव्या भागावर. वरच्या उदाहरणात 1.8 लागेल, तो 64व्या भागावर आणतो.

चूक लपते कुठे?

एवढा गडद फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडर काळवंडतो. शिवाय आरशाकडून आलेल्या प्रकाशातला काही वाटा व्हिडिओ टॅप घेतो. मग टॅपचा कॅमेरा आपला गेन वाढवतो आणि मॉनिटरवर चित्र पुन्हा उजळ दिसते. फिल्टर काढला, की गेन खाली येतो आणि चित्र पुन्हा तसेच! रंगाचेही तेच. टॅपचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल, तर 85चा नारिंगीपणा तो धुऊन टाकतो. जुने टॅप तर कृष्णधवलच होते, तिथे रंगाचा प्रश्नच नव्हता.

1.8चा फिल्टर अख्खा विसरला, तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावणाऱ्याच्या लक्षात येण्याची शक्यता बरीच. खरा घोळ लहान फरकांत होतो. 0.6च्या जागी 0.9 बसतो. ऊन उतरते, संध्याकाळी एनडी काढायचा राहतो. किंवा चौकट नीट दिसावी म्हणून सहायक लेन्सचा आयरिस पूर्ण उघडतो आणि टेकआधी परत बंद करायला विसरतो. रंगीत निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश बऱ्यापैकी सोसते. कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. अंधाऱ्या भागात तपशील उमटलाच नसेल, तर नंतर कोणतेही सॉफ्टवेअर तो आणू शकत नाही, फक्त दाणे मोठे होतात. 85 विसरणे त्या मानाने निभावते. रंग बऱ्याच अंशी नंतर सुधारता येतो, काही छायालेखक तर तो मुद्दाम लावत नाहीत.

सगळ्यात फसवा प्रकार कॅमेऱ्याच्या पोटातल्या फिल्टरचा. काही कॅमेऱ्यांत फिल्मच्या अगदी पुढे जिलेटिनचा पातळ तुकडा बसवण्याची खाच असते. तो आरशाच्या मागे असल्याने व्ह्यूफाइंडर उजळ राहतो, ही मोठी सोय. पण त्यामुळेच तो आहे की नाही, हे ना डोळ्याला कळते ना मॉनिटरला. त्यावरची धूळही थेट चित्रात येते.

चित्र मऊ करणाऱ्या डिफ्यूजन फिल्टरचा अंदाज मॉनिटरवरून बांधणेही धोक्याचे. टॅपचे चित्र दुधी काचेवरून घेतलेले, त्यामुळे आधीच मऊ असते. शिवाय एकच फिल्टर लांब लेन्सवर जास्त आणि रुंद लेन्सवर कमी परिणाम दाखवतो. लेन्स बदलली की फिल्टरचा क्रमांकही बदलावा लागतो, नाहीतर एकाच प्रसंगातला क्लोजअप धुक्यातला वाटतो.

मग भरवसा कशावर?

लाइट मीटरवर आणि चिकटपट्टीवर. फिल्टर बसवला, की सहायक पट्टीवर '85 एनडी 6' असे लिहून ती मॅट बॉक्सवर चिकटवतो (यातला 6 म्हणजे 0.6). फिल्टर काढला, की पट्टीही निघते. पोटातल्या जिलेटिनची पट्टी कॅमेऱ्याच्या दारावर लागते. प्रत्येक रोलसोबतच्या कॅमेरा रिपोर्टमध्ये लेन्स, एफ क्रमांक आणि फिल्टर यांची नोंद होते. रोलच्या सुरुवातीला राखाडी कार्ड चित्रित केले, तर मूळ रंग काय होता हे लॅबला कळते.

ही शिस्त खर्चामुळेही येते. 400 फुटांचा 35 मिमी रोल जेमतेम साडेचार मिनिटे चालतो. आयमॅक्स कॅमेऱ्यात 1000 फुटांचा रोल तीन मिनिटांत संपतो. व्ही. के. मूर्ती यांनी 'कागज के फूल' (1959) चित्रित केला, तेव्हा सेटवर मॉनिटर नव्हताच. पुण्याच्या एफटीआयआयमध्येही विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या मीटर हातात धरूनच शिकल्या. ख्रिस्तोफर नोलन आजही मॉनिटरच्या तंबूत न बसता कॅमेऱ्याशेजारी उभे राहतात.

पॅकअपनंतर डबा लॅबकडे जातो. निगेटिव्ह धुऊन, स्कॅन होऊन चित्र हाती यायला वेळ लागतो. तोवर कदाचित सेट मोडलेला असतो, नट दुसऱ्या शहरात असतो. म्हणून डबा बंद करण्याआधी सहायक दोन गोष्टी ताडून पाहतो : रिपोर्टमधली फिल्टरची ओळ आणि मॅट बॉक्सवरची पट्टी.