जव्हार-मोखाड्याची माणसं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जव्हार-मोखाडा म्हटलं की बाहेरच्यांना आठवतात पावसाळी धबधबे, नाहीतर कुपोषणाच्या बातम्या. 1992-93 मध्ये वावर-वांगणीचे बालमृत्यू देशभर गाजले. ते दुःख खरंच होतं, पण तेव्हापासून या डोंगरपट्ट्याची ओळख तिथेच थांबली. इथली कर्तबगार माणसं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडेही बऱ्याचदा चुकीची माहिती असते.

गैरसमज: आदिवासी भागात राजा असलाच, तर तो बाहेरून आलेला.
वस्तुस्थिती: जव्हारचं मुकणे घराणं महादेव कोळी समाजाचं. जयबा मुकणे यांनी राज्याचा पाया घातला. त्यांच्या मुलाला 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने 'निमशहा' हा किताब दिला आणि त्या वर्षापासून संस्थानाने स्वतःचा शक सुरू केला. हे राज्य 1948 मध्ये विलीन होईपर्यंत, म्हणजे सहाशे वर्षं टिकलं. मोखाडा मात्र या संस्थानात नव्हता. इंग्रजी अमलात तो ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा होता.

गैरसमज: जव्हारचे राजे आणि शिवाजी महाराज यांचं सख्य कायम राहिलं.
वस्तुस्थिती: 1664 मध्ये सुरतेच्या वाटेवर महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि राजा विक्रमशहाने त्यांचा सन्मान केला, असं इथे सांगतात. आठ वर्षांनी चित्र पालटलं. जून 1672 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं आणि सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला. शिरपामाळाची गोष्ट सांगताना हा पुढचा भाग गाळू नये.

गैरसमज: जयविलास राजवाडा मध्ययुगीन आहे.
वस्तुस्थिती: तो विसाव्या शतकातला. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी तो बांधला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. संस्थान गेल्यावर ते निवडणुकीला उभे राहिले आणि लोकसभेवर निवडून गेले.

गैरसमज: जिव्या सोमा म्हसे जव्हारचे.
वस्तुस्थिती: वारली चित्रकला जगभर नेणारे म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. जव्हार-मोखाड्याच्या घरांतही वारली चित्रं रंगतात, त्यामुळे ही गफलत होते. पण डहाणूचं श्रेय डहाणूलाच द्यायला हवं.

गैरसमज: तारपा म्हणजे पाहुण्यांच्या स्वागतापुरतं वाद्य.
वस्तुस्थिती: तारपा शेतीच्या वर्षाशी बांधलेला आहे. भात तयार होण्याच्या सुमाराला तो घुमू लागतो. सुकवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, त्या घट्ट बसवायला मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्यावर तो उभा राहतो. हातात हात गुंफलेली साखळी वादकाभोवती फिरते आणि सूर बदलला की पावलंही बदलतात. नाच रंगात आला की वादकाला मध्येच थांबता येत नाही. गाल फुगवून, श्वास राखून सूर अखंड ठेवावा लागतो.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे याच परंपरेतले. वयाची नव्वदी ओलांडलेल्या या वादकाचं नाव 2026 च्या पद्मश्रीच्या यादीत आलं. ते तारपा वाजवतात, तसाच स्वतःच्या हातांनी बनवतातही. जव्हार-मोखाड्याच्या शाळांत स्थानिक इतिहास शिकवताना मुकण्यांबरोबर धिंडांचाही धडा असायला हवा, आणि तो शिकवताना वर्गात खरा तारपा वाजायला हवा.