हायस्कूलमधली भाषा: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

हुबळीच्या देशपांडे नगरातल्या मराठी घरातलं नववीचं मूल दिवसभर भाषा बदलत असतं. आजीशी मराठी, दुकानात आणि मैदानावर कन्नड, वर्गात इंग्रजी, हिंदी आहेच. दहावी जवळ आली की पालकांना याची काळजी वाटू लागते आणि चहूबाजूंनी सल्ले येतात. सल्ले आपुलकीचेच असतात, पण त्यातले बरेच चुकीच्या समजुतींवर उभे असतात.

गैरसमज 1: जास्त भाषांमुळे मुलांचा गोंधळ उडतो. एकच पक्की करावी.

वस्तुस्थिती: हुबळी-धारवाडचा इतिहास याच्या उलट सांगतो. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. 1973चं ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवितेसाठी मिळालं आणि त्यांनी मराठीतही लेखन केलं. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, मराठीत कथा लिहीत आणि कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणत. देशपांडे नगरात राहिलेल्या गायिका गंगूबाई हनगल कन्नडभाषक. त्या मराठी पदंही गायल्या.

ही माणसं असामान्य होती, हे खरं. पण भाषेचा नियम सर्वसाधारण मुलालाही लागू पडतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979मध्ये मांडलं की, एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची कौशल्यं दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतात. मराठी उताऱ्यातला मुख्य मुद्दा शोधायला शिकलेल्या मुलाला इंग्रजी उताऱ्यात ते कौशल्य पहिल्यापासून शिकावं लागत नाही; तिथे शब्द तेवढे नवे असतात.

चुका होतात, पण त्यांना कारण असतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. मराठीत मात्र फळा तो, खुर्ची ती आणि पुस्तक ते. त्यामुळे कन्नड वातावरणात वाढलेलं मूल ‘खुर्ची मोडलं’ म्हणालं, तर त्याने एका भाषेचा नियम दुसरीला लावलेला असतो. दोन्ही भाषांची वाक्यं शेजारीशेजारी लिहून दाखवली की फरक चटकन ध्यानात येतो. रागावल्याने मूल गप्प बसतं, एवढंच.

गैरसमज 2: मूल फाडफाड इंग्रजी बोलतं, म्हणजे त्याची भाषा तयार आहे.

वस्तुस्थिती: गप्पांची भाषा वेगळी, अभ्यासाची वेगळी. कॅनडात स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांबद्दल कमिन्स यांना असं आढळलं की, रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते. पण त्या भाषेत वर्गाच्या बरोबरीने अभ्यास करण्याची क्षमता यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून बोलणं ऐकून निश्चिंत होऊ नका. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या आणि पुस्तक मिटून त्याचा आशय चार वाक्यांत लिहायला सांगा. मूल लेखकाचीच वाक्यं जशीच्या तशी उतरवत असेल, तर पाठांतर झालंय, आकलन व्हायचंय.

गैरसमज 3: सायन्सला जायचंय, भाषेला कशाला वेळ द्यायचा?

वस्तुस्थिती: गणिताचे कित्येक गुण वाचनात जातात. हा प्रश्न पाहा: 100 रुपयांच्या वस्तूची किंमत 20 टक्क्यांनी वाढली, मग वाढलेली किंमत 20 टक्क्यांनी कमी झाली, आता किंमत किती? घाईत वाचणारा ‘100’ लिहितो. ‘वाढलेली’ या शब्दाशी थांबणाऱ्याला कळतं की दुसरी टक्केवारी 120वर काढायची आहे. उत्तर 96. वजाबाकी दोघांनाही येत होती, वाक्य एकालाच कळलं.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची ‘पिसा’ चाचणी 15 वर्षांच्या मुलांची गणित आणि विज्ञानाबरोबरच वाचनाचीही परीक्षा घेते. त्यात मजकूर समजणं, वापरणं आणि पारखणं तपासलं जातं.

गैरसमज 4: शुद्धलेखन नीट आणि अक्षर सुरेख, की लेखन झालं.

वस्तुस्थिती: शुद्धलेखन हवंच, पण ती शेवटची पायरी आहे. त्याआधी मुद्दा ठरवणं, त्याला कारण देणं, उदाहरण जोडणं आणि समोरचा काय आक्षेप घेईल याचा विचार करणं येतं. ‘शाळेत मोबाइल नसावा’ हे मत झालं. ‘नसावा, कारण तासाला लक्ष विचलित होतं, मात्र दूरच्या गावाहून बसने येणाऱ्यांना तो आणून कार्यालयात जमा करता यावा’ हा युक्तिवाद झाला. आणि लिहिलेलं पुन्हा लिहिणं ही शिक्षा नव्हे, लेखनाचा गाभाच तो. पहिला खर्डा मोठ्याने वाचला, की अडखळणारी वाक्यं आपली आपल्यालाच सापडतात.

गैरसमज 5: ऐकणं-बोलणं आपोआप येतं, ते काय शिकवायचं?

वस्तुस्थिती: श्रवण, भाषण, वाचन, लेखन या क्रमात श्रवण पहिलं आहे. देशपांडे नगरातल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते गायक सवाई गंधर्व मूळचे कुंदगोळचे, कन्नड मुलखातले, आणि त्यांनी नाव कमावलं मराठी रंगभूमीवर. गंगूबाई त्यांच्याकडे तालमीसाठी हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जात. गुरूसमोर बसून ऐकणं हा गायनविद्येचा पाया होता. शाळेतही ऐकण्याचा सराव करून घेता येतो: भाषण ऐकताना टिपण काढणं, समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगणं आणि मगच आपला विरोध मांडणं.

हेच कान मोबाइलवरच्या मजकुरालाही लावायचे. हे कोणी म्हटलं, कधी, कशाच्या आधारावर? कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून मिळू लागल्यावर हे तीन प्रश्न विचारता येणं अधिकच गरजेचं झालं आहे.

पालकांना विनंती एवढीच: इंग्रजीसाठी घरातली मराठी बंद करू नका आणि मराठीच्या प्रेमापोटी कन्नड टाळू नका. रात्री जेवताना मुलाला दिवसभरात वाचलेली एक गोष्ट त्याला हव्या त्या भाषेत सांगू द्या, आणि त्यावर ‘कशावरून?’ हा एक प्रश्न जरूर विचारा.