फुकटच्या कोडे-गेमचा खरा भाव किती?

बेळगावच्या बसस्टँडवर निपाणीची गाडी सुटायची वाट बघताना, दुकानात गिऱ्हाईक नसताना, दुपारची जेवणं आटोपल्यावर मोबाईलवर रंगीत गोळ्या जुळवत बसलेले सगळ्या वयाचे लोक आता दिसतात. गेम फुकट मिळतो आणि शिकवायलाही कुणी लागत नाही. तरी काही दिवसांत चिडचिड का सुरू होते? आणि एखाद्याच्या खात्यातून पैसे का जातात? उत्तर गेमच्या हिशेबात आहे.

गोडी का लागते?

कोडी सोडवण्याची हौस जुनीच. पेपरातलं शब्दकोडं, सुडोकू घरोघरी सोडवलं जातं. पण पेपरातल्या कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी कळतं, मोबाईलवर शाबासकी लगेच मिळते. तीन गोळ्या जुळल्या की फुटतात, आवाज होतो, गुण वाढतात. एक डाव दोन-तीन मिनिटांचा. सुरुवातीच्या लेव्हल मुद्दाम सोप्या ठेवलेल्या असतात. पुढे हरलं तरी 'एकच चाल कमी पडली' असं वाटतं आणि अर्धवट राहिलेला डाव डोक्यातून जात नाही.

मग अडतं कुठे?

कँडी क्रश सागाचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये हा गेम आधी फेसबुकवर आणि त्याच वर्षी मोबाईलवर आला. यात साधारण पाच लाइफ मिळतात. हरलं की एक जाते, नवीन यायला ३० मिनिटं लागतात. पाचही गेल्या तर सगळ्या परत भरायला अडीच तास. थांबायचं नसेल तर मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे मोजा. म्हणजे कंपनी गेम विकतच नाही, ती 'थांबावं लागू नये' ही सोय विकते.

बहुतेक लोक एक रुपयाही देत नाहीत. मोजकेच देतात, पण तेवढ्यावर धंदा चालतो. हा गेम काढणारी किंग कंपनी विकत घेण्याचा ५.९ अब्ज डॉलरचा सौदा २०१५ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने जाहीर केला होता. अनेक गेममध्ये पैसे न देणाऱ्यांना जाहिराती बघाव्या लागतात. तिथे त्यांचा वेळ हाच माल.

जाहिरातीत एक, गेममध्ये दुसरंच

जाहिरातीत पिन ओढून माणसाला वाचवायचं असतं, गेम उघडला की पुन्हा गोळ्याच जुळवायच्या. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या अशा जाहिराती ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०२० मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकाला फसवून खरेदीकडे ढकलणाऱ्या १३ प्रकारांवर, म्हणजे 'डार्क पॅटर्न'वर, मार्गदर्शक नियम काढले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी घातली. कोडे-गेममध्ये पैसे जातात, पण जिंकून परत काही मिळत नाही, त्यामुळे ते त्या बंदीत येत नाहीत. तेव्हा राखण घरातूनच करावी लागते.

काय करता येईल?

• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा.
• पोरांच्या हातात जाणाऱ्या फोनवर प्ले स्टोअरला कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका.
• चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडे रिफंड मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.
• नेटशिवाय चालणारा गेम असेल तर खेळताना डेटा बंद ठेवा. जाहिराती बऱ्याच कमी होतात.

लाइफ संपल्या की फोन खाली ठेवून कामाला लागणाऱ्याला हा गेम खरोखर फुकट पडतो. घाई असलेल्याकडूनच कंपनी दाम वसूल करते.