एका क्वेकर घराण्याच्या दोन वह्या

वंशावळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वतनाचे कागद, तीर्थोपाध्यायांची चोपडी आणि ‘आमचे मूळ पुरुष अमुक’ असे अभिमानाने सांगणारे एखादे वडीलधारे गृहस्थ उभे राहतात. ज्याला काही मिळवायचे किंवा राखायचे असते त्यानेच वंशावळ ठेवावी, अशी आपली समजूत; आणि ती बरीचशी खरीही आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याची वंशावळ कोण लिहून ठेवणार? परंतु जगात असाही एक समाज आहे की ज्यात सरदार नाहीत, पुरोहित नाहीत, आणि तरीही त्यातल्या साध्या सुताराचा, खलाशाचा, एखाद्या विधवेचा माग तीनतीनशे वर्षे मागे लावता येतो. हा समाज म्हणजे क्वेकर. अमेरिकेत प्रारंभी जाऊन वसलेल्या अशा एका घराण्याचा, कॉफिन घराण्याचा, माग कसा काढतात ते आपण पाहू. तो काढताना कोणाची नावे सापडतात आणि कोणाची हरवतात, हेही पाहू.

क्वेकर पंथ सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशातून उभा राहिला. ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात. त्यांच्या उपासनेत पुरोहित नाही. सगळे स्तब्ध बसतात आणि ज्याला अंतःकरणातून प्रेरणा होईल तो बोलतो, मग तो पुरुष असो की स्त्री. न्यायाधीशापुढे हॅट काढायची नाही, शपथ घ्यायची नाही, हाती शस्त्र धरायचे नाही, हे त्यांचे नेम. आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला नयी तालीमच्या कामात वर्षानुवर्षे राबलेल्या मार्जोरी साइक्स या क्वेकरच होत्या. तेव्हा हे नाव आपल्याला अगदीच परके नाही.

आता घराण्याकडे वळू. ट्रिस्ट्रम कॉफिन हा इंग्लंडातील डेव्हन परगण्याचा. १६४२ साली तो पत्नी डायोनिस, पाच मुले, आई आणि दोन बहिणी यांना घेऊन मॅसॅच्युसेट्स वसाहतीत उतरला. न्यूबरी गावी त्याने नाव चालवली, खाणावळ काढली. १६५३ मध्ये डायोनिसवर खटला झाला. बिअर कायद्याने एक क्वार्टला दोन पेन्स दराने विकावयाची असता तिने तीन पेन्स घेतले, हा आरोप. बाईने साक्षीपुरावा दिला की, इतर लोक पिंपात चार बुशेल माल्ट घालतात, मी सहा घालते. ती सुटली. चांगल्या मालाला आणि चांगल्या कष्टाला चांगला मोबदला, हे तत्त्व त्या बाईने कोर्टात सिद्ध केले, असे माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला वाटले तर नवल नाही. वंशावळीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ट्रिस्ट्रम आणि डायोनिस क्वेकर नव्हते. म्हणून त्यांची माहिती मिळते ती जमिनीच्या खरेदीखतांतून आणि अशा खटल्यांच्या कागदांतून.

त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये क्वेकरांना थारा देणे हा गुन्हा होता. ट्रिस्ट्रमच्या ओळखीच्या थॉमस मेसी याने पावसात सापडलेल्या चार क्वेकरांना थोडा वेळ आसरा दिला, म्हणून त्याला दंड झाला. त्या चौघांपैकी दोघांना, विल्यम रॉबिन्सन आणि मार्माड्यूक स्टीव्हन्सन यांना, १६५९ च्या ऑक्टोबरात बॉस्टनला फाशी देण्यात आले. त्याच वर्षी ट्रिस्ट्रम, मेसी आणि त्यांच्या सोबत्यांनी नॅन्टकेट बेटाचा मोठा भाग थॉमस मेह्यू याच्याकडून विकत घेतला. किंमत तीस पौंड आणि बीव्हर या प्राण्याच्या लोकरीच्या दोन हॅट. एक मेह्यूला, एक त्याच्या पत्नीला. बेटावर आधीपासून वांपानोआग लोक राहत होते. त्यांच्या नायकांकडूनही पुढे जमिनीची खते करून घेण्यात आली.

ट्रिस्ट्रम १६८१ मध्ये वारला. घराणे क्वेकर झाले ते त्याच्या मुलीमुळे. मेरी कॉफिन हिचा जन्म १६४५ चा. तिचे लग्न नॅथॅनिएल स्टारबक याच्याशी झाले. बेटावरचा व्यापार आणि गावकी यांत तिच्या शब्दाला फार मान होता. १७०२ मध्ये जॉन रिचर्डसन हा इंग्रज क्वेकर प्रवचनकार बेटावर आला, तेव्हा मेरीच्या घरी सभा भरली आणि तिने तो पंथ मनापासून स्वीकारला. १७०८ साली नॅन्टकेटची मासिक सभा रीतसर स्थापन झाली. तिथून पुढे या घराण्याची नावे एका नव्या प्रकारच्या वहीत चढू लागली.

ही वही कशी असते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. क्वेकरांचा कारभार मासिक सभेत चालतो. पुरोहित नसल्यामुळे जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद सभेनेच ठेवावयाची. त्या काळी पुरुषांची सभा वेगळी आणि स्त्रियांची वेगळी भरत असे, आणि दोहोंची इतिवृत्ते वेगळी लिहिली जात. म्हणून बाईचे नाव केवळ ‘अमक्याची बायको’ म्हणून येत नाही. तिचे माहेरचे नाव येते, तिने कोणते काम अंगावर घेतले तेही येते.

लग्नाची रीत तर वंशावळ शोधणाऱ्याला पर्वणीच आहे. वधूवरांनी आपला मनोदय सभेपुढे सांगावयाचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सांगावयाचा. मधल्या काळात सभेने नेमलेली माणसे चौकशी करीत, की यांपैकी कोणी दुसऱ्या कोणाला वचन दिलेले तर नाही ना? मग भर सभेत दोघांनी एकमेकांना वचन दिले की लग्न लागले. लग्नपत्र वाचून दाखवावयाचे आणि हजर असलेल्यांनी, थोरामोठ्यांनी आणि पोरांनीही, त्याखाली सह्या करावयाच्या. अशा एका कागदावर आईबाप, भावंडे, मामा, आत्या, शेजारी सगळे सापडतात. हे पत्र पुन्हा वहीत उतरून घेत.

कुटुंब गाव सोडून निघाले की सभा त्याला दाखला देई. हे लोक आमच्यात नीट वागले, कर्ज बुडवून निघालेले नाहीत, अशा आशयाचा. नव्या गावची सभा तो दाखला वाचून आपल्या वहीत टिपून घेई. म्हणजे एका वहीत ‘गेले’ आणि दुसऱ्या वहीत ‘आले’. पंथाबाहेर लग्न केले, सैन्यात गेले, दारू प्यायले, तर सभा त्या माणसाला सभासदत्वातून कमी करी. त्याचीही नोंद कारणासह होत असे. माग काढणाऱ्याला सज्जनांपेक्षा या बंडखोरांचीच हकीकत कधीकधी अधिक मिळते.

या वह्यांना इतके महत्त्व येण्याचे आणखी एक कारण आहे. जुन्या क्वेकरांना थडग्यावर दगड बसवणे म्हणजे मोठेपणाचे प्रदर्शन वाटे. नॅन्टकेटच्या त्यांच्या दफनभूमीत हजारो माणसे मातीआड झाली आहेत, पण बहुतेक सगळी जमीन नुसते गवताळ मैदान दिसते. तिथे जाऊन पूर्वजांचे नाव वाचता येत नाही. ते वहीतच वाचावे लागते.

ती वाचताना एक खाचखळगा सांभाळावा लागतो. महिन्यांची रूढ नावे रोमन देवदेवतांवरून आलेली म्हणून क्वेकर ती वापरीत नसत. पहिला महिना, दुसरा महिना असे लिहीत. पण १७५२ पर्यंत इंग्रजी अमलात वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि मार्च हा पहिला महिना धरला जाई. तेव्हा ‘अकरावा महिना, १७०१’ म्हणजे नोव्हेंबर १७०१ नव्हे, तर आपल्या हिशेबाने जानेवारी १७०२. १७५२ पासून जानेवारी हा पहिला महिना झाला, आणि तोच शब्द दुसऱ्या महिन्याला लागू पडला. हे ध्यानात न घेणाऱ्याने कित्येक मुलांना आईबापांच्या लग्नाआधी जन्माला घातले आहे!

आता ही किल्ली लावून पाहू. लेव्हाय कॉफिन हा १८४० च्या सुमारास इंडियाना राज्यातील न्यूपोर्ट गावी राहत होता. त्याच्यापासून मागे जायचे. आजच्या माणसापासून एकेक पायरी मागे जाणे हीच खरी रीत. वरून खाली येणारा हमखास चुकतो. लेव्हाय १८२६ मध्ये न्यूपोर्टला आला तो उत्तर कॅरोलायनातून. तिथे न्यू गार्डनच्या सभेच्या टापूत तो १७९८ साली जन्मला होता. न्यू गार्डनच्या वहीत पाहिले तर १७७० नंतरच्या पाचसहा वर्षांत नॅन्टकेटहून दाखले घेऊन आलेली कुटुंबे एकामागून एक भेटतात. त्यांत लेव्हायच्या आजोबांचे कुटुंब होते. नॅन्टकेटच्या वहीतून मागे ट्रिस्ट्रमपर्यंत जाता येते. तीन गावे आणि तीन वह्या मिळून साखळी पुरी होते. या विखुरलेल्या वह्या एकत्र करण्याचे प्रचंड काम विल्यम वेड हिनशॉ या गृहस्थांनी केले. ते व्यवसायाने ऑपेरा गायक. त्यांच्या क्वेकर वंशावळींच्या कोशाचा पहिला खंड १९३६ साली निघाला, आणि तो उत्तर कॅरोलायनातील सभांचाच आहे.

अशा शोधात सरदार पूर्वज सापडावा हा मोह सगळीकडे सारखाच. डेव्हनमध्ये पोर्टलेज येथे एक जुने जमीनदार कॉफिन घराणे होते. ट्रिस्ट्रमला त्याच घराण्याला चिकटवण्याचा खटाटोप पुष्कळांनी केला, पण तो धागा कागदाने सिद्ध झालेला नाही. याच कुळातला सर आयझॅक कॉफिन ब्रिटिश आरमारात ॲडमिरल झाला. त्याने १८२७ मध्ये ट्रिस्ट्रमच्या वंशजांसाठी नॅन्टकेटवर शाळा काढली आणि मूळ पुरुषाच्या नावाचे पदकही पाडले. पण दीडशे वर्षे बेटावर आपापसांत लग्ने झालेली. मुलीकडून धरले तर बेटावरचे बहुतेक प्रत्येक पोर ट्रिस्ट्रमचे वंशज निघाले! कुळाचा अभिमान पुरेसा मागे नेला की तो आपोआप सार्वजनिक होतो.

आतापर्यंत एका वहीची गोष्ट झाली. त्याच घरात दुसरी एक वही होती. मेरी स्टारबकच्या घराण्याने १६८३ पासून वांपानोआग लोकांशी चाललेल्या व्यवहाराची उधारीची वही ठेवली, आणि ती आजही जपलेली आहे. कापड, अवजारे, धान्य उचलले; त्याची भरपाई मासळी धरून, देवमाशाच्या शिकारीच्या नावेत वल्हे मारून, मजुरी करून. बेटावरच्या देवमाशाच्या धंद्यात दुकानदाराचे कर्ज आणि कर्जापायी सक्तीचे श्रम, या फेऱ्यात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या अडकले. १७६३-६४ च्या साथीत बेटावरच्या ३५८ मूळ रहिवाशांपैकी २२२ दगावले. आज त्यांच्या एखाद्या पूर्वजाचे नाव हवे असेल तर ते पुष्कळदा या उधारीच्या वहीत शोधावे लागते. एकाच घरात एक वही नात्याची आणि एक वही येण्याची. पहिल्या वहीत जो माणूस आहे तो कुणाचा तरी मुलगा, भाऊ, साक्षीदार म्हणून उरला. दुसऱ्या वहीत जो आहे तो इतके पौंड, इतके शिलिंग म्हणून उरला.

गुलामांच्या वाट्याला तर पुष्कळदा तेवढेही आले नाही. नॅन्टकेटच्या सभेने १७१६ सालीच माणसे विकत घेऊन जन्मभर राबवणे सत्याला धरून नाही, असे नमूद केले. तरी बेटावर गुलाम होतेच. १७७० नंतर प्रिन्स बॉस्टन नावाचा एक गुलाम विल्यम रॉच या क्वेकर व्यापाऱ्याच्या जहाजावर देवमाशाच्या शिकारीला गेला. परतल्यावर कप्तानाने त्याच्या मजुरीचे पैसे धन्याला न देता त्याच्याच हाती ठेवले. धनी कोर्टात गेला आणि हरला. मजुरी ज्याने केली त्याच्या नावे लिहिली गेली, आणि त्या नोंदीने तो माणूस स्वतंत्र ठरला.

आता लेव्हाय कॉफिनकडे पुन्हा पाहा. सात वर्षांचा असताना त्याने रस्त्याने साखळीला बांधून नेलेले गुलाम पाहिले. यांना का बांधले, असे विचारता कळले की, बायकामुलांपासून तोडून आणले आहे. पळून परत जातील म्हणून. ज्याच्या आजोबांचे स्थलांतरसुद्धा दाखल्यासह वहीत लिहिलेले, त्या मुलाच्या समोरून ज्यांची वंशावळ मुद्दाम तोडली जात होती ती माणसे चालली होती. मोठेपणी न्यूपोर्टच्या घरात त्याने आणि पत्नी कॅथरिनने सुमारे दोन हजार पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला, असे मानतात. १८४७ मध्ये सिनसिनाटीला जाऊन त्याने गुलामांच्या श्रमाचा हात न लागलेल्या मालाचेच दुकान काढले. हे काम सगळ्या क्वेकरांना रुचले असे नाही. १८४३ मध्ये इंडियानाच्या सभेत याच प्रश्नावर फूट पडली आणि काही वर्षे लेव्हायचे नाव वेगळ्या सभेच्या वहीत गेले. ल्युक्रेशिया कॉफिन, म्हणजे पुढची ल्युक्रेशिया मॉट, ही १७९३ साली नॅन्टकेटला जन्मलेली त्याची दूरची बहीण. १८४० साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री म्हणून तिला प्रतिनिधीची जागा नाकारण्यात आली. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरवणाऱ्यांत ती होती. जिच्या पणज्यांच्या सभेची इतिवृत्ते पुरुषांच्या इतिवृत्तांशेजारी बसत होती, तिला ‘तुझे नाव या यादीत नाही’ हे उत्तर पटावे कसे?

वंशावळीचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर हे आहे. रक्त कोणाचे, हे त्यातून फारसे कळत नाही. वही कोणी लिहिली, कोणाला त्यात नाव मिळाले आणि कोणाला नुसता आकडा, हे मात्र लख्ख कळते. आजही अनेक कंत्राटी कामगारांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ते ठेकेदाराच्या उचलीच्या वहीत असते. युनियनचे सभासद-रजिस्टर उघडून त्यात त्याचे, त्याच्या बापाचे आणि आईचे नाव, गाव आणि काम नीट अक्षरात लिहिणे हे काम किरकोळ वाटते. पण शंभर वर्षांनी त्याचा पणतू शोध घेऊ लागेल, तेव्हा त्याला पूर्वज सापडेल की नुसती थकबाकी, हे त्या एका ओळीवर अवलंबून आहे.