जर्सी बदलणारा रॉबिन

नोएडात जन्मलेला, भारतीय फुटबॉलमधला उंचापुरा सेंटर फॉरवर्ड रॉबिन सिंग ईस्ट बंगाल क्लबकडून खेळला, मग बंगळुरू, दिल्ली, गोवा, कोलकाता, पुणे, हैदराबाद. इतकी फिरती पाहिली की आपण पटकन म्हणतो, कुठे टिकला नाही. मला हे मान्य नाही. २०१४ ते २०१६ या काळात इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा असे आणि मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालत. गोल करायची जागा बहुधा त्यांच्याच वाट्याला जाई. त्याचा पुणे सिटी क्लब तर २०१९मध्ये बंदच पडला. बूड स्थिर ठेवायचं तरी कुठे?

गोल कमी होते, हा आक्षेप खरा आहे. पण गोलकडे पाठ, मागून बचावपटूचा रेटा, वरून आलेला चेंडू छातीवर झेलून सहकाऱ्याला द्यायचा, ही मेहनत गोलफलकावर उमटत नाही. संधी मिळाली तेव्हा गोलही आलेच: नोव्हेंबर २०१५मध्ये भारताकडून गुआमविरुद्धचा एकमेव, विजयी गोल त्याचा, डिसेंबरात दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत श्रीलंकेविरुद्धचे दोन्ही त्याचेच. आणि क्लब बदलणं हाच दोष असेल, तर भारताचा नामवंत स्ट्रायकर सुनील छेत्रीही मोहन बागान, जेसीटी, डेम्पो, चिराग, चर्चिल असा फिरूनच बंगळुरूला स्थिरावला.