बेल रॉकची राखण

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथपासून अठरा किलोमीटर आत, उत्तर समुद्रात बेल रॉक आहे. हा खडक ओहोटीला काही तास डोकं वर काढतो, भरतीत पार बुडतो. कुणा मठाधिपतीनं त्यावर घंटा बांधली होती, अशी दंतकथा. नाव त्यावरूनच पडलं. १८०४ मध्ये ब्रिटिश नौदलाची ‘यॉर्क’ सगळ्या खलाशांसह बेपत्ता झाली. ती इथंच फुटली, असं मानलं गेलं आणि मग संसदेला जाग आली.

१८०७ मध्ये अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सननं इथं दीपस्तंभाचं काम काढलं. सुरुवातीला एका ओहोटीत मिळत जेमतेम दोन तास. तेवढ्यात पाया खणायचा, लोहाराच्या भट्टीत पाणी शिरायच्या आत हत्यारं नीट करून घ्यायची आणि होडी गाठायची. पहिल्याच मोसमात एकदा जहाज नांगर सुटून वाहत गेलं. खडकावर बत्तीस माणसं आणि दोनच होड्या. पाणी चढत होतं. पत्रं पोचवायला म्हणून आलेल्या एका नावाड्यामुळे ती वाचली.

सुमारे अडीच हजार दगड किनाऱ्यावर घडवून, खाचेत खाच बसवून रचले. उंची ३५ मीटर, त्यातले खालचे नऊ भरीव. १ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला. लाटा थेट अंगावर घेणारा याहून जुना दीपस्तंभ आज जगात उभा नाही.

ऑक्टोबर १९८८ मध्ये दीपगृह स्वयंचलित झालं, माणसं गेली. अनेकांना त्याची हळहळ वाटते. पण यंत्राचा शिरकाव पहिल्याच रात्री झाला होता. वजनावर चालणारं घड्याळी यंत्र दिव्यांची चौकट फिरवी, त्यामुळे लाल आणि पांढरा प्रकाश आळीपाळीनं दिसे. धुक्यात घंटाही तेच वाजवी. माणसाकडे उरे वजन पुन्हा वर ओढणं, तेल भरणं, वाती कातरणं, काजळी पुसणं. हळूहळू तेही गेलं. शेवटी उरलेली देखरेख एडिंबरोच्या जॉर्ज स्ट्रीटवरच्या कार्यालयातून होऊ लागली.

गेलं ते वेगळंच काही. दीपरक्षकांची बायकामुलं आर्ब्रोथच्या संकेत-मनोऱ्यात राहत. सकाळी खडकावर तांब्याचा गोळा वर चढला की सगळं ठीक. नाही चढला तर होडी निघे. सांगतात, घरी मूल झालं की किनाऱ्यावरच्या काठीवर मुलग्यासाठी विजार, मुलीसाठी झगा फडके. बाप दुर्बिणीतून बघे! आता दर पाच सेकंदांनी पांढरी चमक तेवढी येते आणि संकेत-मनोऱ्यात संग्रहालय आहे.