पदवीनंतरची परीक्षा

वैद्यकाची पदवी एकदां हातीं आली कीं परीक्षेचें भय कायमचें सरलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पदवीपत्र तीस-तीस वर्षें भिंतीवर टांगलेलें राहतें. परंतु त्या कागदानें ज्या ज्ञानाची ग्वाही दिली, तें ज्ञान मधल्या काळांत जुनें होत जातें. तज्ज्ञ डॉक्टरानें ठराविक मुदतीनें पुन्हा परीक्षा द्यावी काय, आणि तिची तयारी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्ञान जुनें कसें होतें याचें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. लाल विंचवाच्या दंशानें हृदयावर आघात होऊन पूर्वीं अनेक रोगी दगावत. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं या दंशाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध त्यावर गुणकारी ठरतें, हें १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकांत मांडलें. १९८० सालच्या पदवीधराच्या पाठ्यपुस्तकांत हें असणें शक्यच नव्हतें. पुढें २०११ सालीं बावस्करांनींच नव्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो. विंचू तोच, दंश तोच. उत्तर मात्र दोनदां बदललें.

मोठ्या शहरांतील इस्पितळांत एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानीं येते. सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरसासारख्या तालुक्याच्या गांवीं स्वतंत्र दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरास ही सोय नाहीं. रात्रीं वस्तीवरून विंचू चावलेलें मूल आणलें, किंवा आषाढी वारींत पालखीबरोबर चाललेला एखादा वृद्ध छातीवर हात धरून खालीं बसला, तर त्या घटकेस डॉक्टराला जें ठाऊक असेल तेंच रोग्याचें नशीब!

महाराष्ट्रांत डॉक्टरांस आपली नोंदणी दर पांच वर्षांनीं नूतन करावी लागते आणि तीसाठीं व्याख्यानें, परिषदा इत्यादींतून ३० गुण मिळवावे लागतात. परीक्षा मात्र नाहीं. हजेरी म्हणजे ज्ञान नव्हे, हें शाळेंत गेलेल्या कोणासही सांगावयास नको. अमेरिकेंत १९६९ सालीं स्थापन झालेल्या कुटुंबवैद्यांच्या मंडळानें प्रारंभापासूनच मुदतीचीं प्रमाणपत्रें दिलीं. अंतर्गत रोगांच्या तज्ज्ञांना १९९० पासून दहा वर्षांची मुदत आली. तेथें स्थायिक झालेल्या मराठी डॉक्टरांसही ही मान्यता टिकवावयाची तर पुन्हा परीक्षेस बसावें लागतें. २०२२ पासून या तज्ज्ञांस दुसरा मार्गही खुला झाला: दर तिमाहीस तीस प्रश्न सोडवावयाचे, पुस्तक उघडण्यास मुभा, दुसऱ्या मनुष्यास विचारण्यास बंदी.

तयारीची रीत मात्र विद्यार्थिदशेंतली चालत नाहीं. दिवसभर रोगी तपासून थकलेल्या डॉक्टरानें जाडा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचूं लागणें व्यर्थ होय. वाचलेलें पुन्हा वाचल्यानें ओळख वाढते, आणि ओळखीलाच मनुष्य ज्ञान समजतो. म्हणून पुस्तक मिटून प्रथम उत्तर लिहावें, मग तें पडताळून पाहावें. चुकलेला प्रश्न वहींत उतरून आठवड्यानें, महिन्यानें आणि पुन्हा तीन महिन्यांनीं सोडवावा. एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालींच दाखविलें कीं, पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच विसरला जातो, आणि अंतराअंतरानें केलेली उजळणी एका बैठकीच्या घोकंपट्टीहून अधिक टिकते. प्रश्न निवडतांना आपल्याच दवाखान्यांतील रोगी आठवावे. आणि जो रोग वर्षांत एखादाच येतो, पण आला असतां घटकाभरांत प्राण घेतो, त्यास अग्रक्रम द्यावा. अशी तयारी परीक्षा नसतांनाही करतां येते. किंबहुना परीक्षा नाहीं तेथें तर डॉक्टरानें स्वतःच स्वतःचा परीक्षक व्हावयास हवें.

यांत रोग्यांच्या घरच्यांचाही कांहीं भाग आहे. डॉक्टरानें समोर पुस्तक उघडलें, किंवा “पाहून सांगतों” असें म्हटलें, कीं पुष्कळांचा विश्वास उडतो. वस्तुतः तेथेंच विश्वास वाढावयास हवा. न पाहतां दिलेलें ठाम उत्तर कदाचित् तीस वर्षांपूर्वींचें असेल. पाहून दिलेलें उत्तर निदान आजचें असतें.